जेजुरीच्या देवाचं नाव

“नवऱ्याचं नाव सांगा,” निरीक्षक साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

हौसाबाईंनी पदर कपाळावर आणखी खाली ओढला आणि टेबलाच्या पायाकडे बघत उभ्या राहिल्या. तालुक्याच्या कचेरीतला तो लांबट हॉल माणसांनी गच्च भरला होता. सुनावणीला आलेले सत्तर-ऐंशी लोक, त्यांच्या पिशव्या, पिशव्यांत कोंबलेले कागद, आणि वर एकच पंखा, तोही नुसता आवाज करणारा. मी हौसाबाईंच्या मागे दोन हातांवर भिंतीला टेकून उभा होतो. गळ्यात ओळखपत्र, त्यावर ‘बीएलओ’ असं ठसठशीत छापलेलं. करंजमाळ गावच्या मतदारयादीचं काम माझ्याकडे होतं. एरवी मी तिथल्याच शाळेत गुरुजी.

“बाई, ऐकू येतंय ना?”

“येतंय की.”

“मग सांगा.”

“आधारावर लिवलंय न्हवं का, साहेब? वाचून घ्या.”

“वाचलं. पण तुमच्या तोंडून यायला हवं. तसा नवा नियम आहे. इथं रेकॉर्ड होतंय.” त्यांनी टेबलावरचा मोबाइल बोटाने जरा पुढे सरकवला.

निरीक्षक राज्याच्या कचेरीतून खास आलेले. तिशीच्या आतबाहेरचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. उद्धट असते तर बरं झालं असतं. मग सगळा राग त्यांच्यावर काढून मी मोकळा झालो असतो.

हौसाबाई माझ्याकडे वळल्या. “गुरुजी, तुमी सांगा की. तुमास्नी ठावं हाय.”

मी तोंड उघडलं.

“बीएलओंनी सुनावणीत बोलायचं नाही,” निरीक्षक म्हणाले, तेही मऊपणेच.

मी तोंड मिटलं. त्यांच्या शेजारी बसलेले नायब तहसीलदार शिराळकर माझ्याकडे बघून खांदे उडवल्यासारखं करून पुन्हा कागदांत शिरले. आदल्या वर्षीपर्यंत हे काम शिराळकरांनी दोन मिनिटांत उरकलं असतं. कुणाच्या नावात काना कमी, कुणाच्या बापाच्या नावात वेलांटी जास्त, असं काही निघालं की ते गुरुजीला विचारायचे, तलाठ्याला विचारायचे, गावच्या दोन माणसांच्या सह्या घ्यायचे आणि लाल शाईने दुरुस्त करून टाकायचे. पण त्या वर्षी वरून हुकूम आला. स्थानिक माणसांच्या हातातली दुरुस्ती काढून घेतली. वीस वर्षांपूर्वीची यादी आणि आजचे कागद यांचा मेळ संगणक घालणार, जिथे मेळ बसणार नाही तिथे ‘विसंगती’ असा शिक्का पडणार, आणि ज्याच्या नावावर शिक्का पडला त्याने स्वतः तालुक्याला येऊन ती दूर करायची. नाही केली, तर नाव गेलं. त्यासाठी मी दीड महिना दारोदार नोटिसा वाटत होतो, आणि माझ्या तिसरी-चौथीच्या वर्गाला कुलूप होतं.

करंजमाळच्या अंगाला, माळावर, पुकळेवस्ती आहे. होती. धनगरांची तीस-पस्तीस घरं. दिवाळी झाली की बाप्ये मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. त्या वस्तीत तेवीस नावांवर शिक्का पडला होता आणि तेवीसही बायका होत्या. बाप्ये नेहमीप्रमाणे कोकणात. घरात म्हातारी माणसं, आजारी कोकरं. तालुका चाळीस किलोमीटर, एसटी दिवसातून दोनदा. बाकीच्या बावीस जणींनी हौसाबाईंना पुढे काढलं होतं. “आक्का, तू जाऊन बघून ये. तुजं झालं की आमी येतो.”

हौसाबाईंचं पुढे होणं काही नुसत्या नोटिशीपुरतं नव्हतं. तीन महिन्यांवर ग्रामपंचायतीची निवडणूक आली होती. पंचायतीत सात जण. सरपंचाच्या बाजूचे तीन ठरलेले, समोरचे तीन ठरलेले, आणि सातवी जागा वस्तीची. ती त्या वर्षी बायकांसाठी राखीव निघाली होती. गावच्या नव्वद एकर गायरानावर वीज बनवणाऱ्या एका कंपनीचा डोळा होता, सरपंच कंपनीच्या बाजूचा, आणि पंचायतीचा ठराव झाला की ते गायरान कुंपणात जाणार होतं. कोकणातून परतलेली मेंढरं पावसाळाभर चरायची ती त्याच गायरानावर. दुसरं कुठलं रान नव्हतंच. हौसाबाई म्हणजे टँकरवाल्याला सुद्धा दरदरून घाम फोडणारी बाई. सातवी जागा त्या घेणार आणि ठराव पाडणार, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण उभं राहायचं तर यादीत नाव हवं.

तर त्या सगळ्यासाठी त्यांनी त्या दिवशी एक शब्द उच्चारायचा होता, आणि तो त्यांच्याने उच्चारवत नव्हता. वस्तीवरची रीतच तशी. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं. ‘आमचं घरातलं’, ‘ह्यांनी’, ‘पोरीचा बा’ असं म्हणून तीस-तीस वर्षं संसार केलेल्या बायका त्या.

“बाई, मागे लोक थांबलेत,” निरीक्षक म्हणाले. “नाव घेतलं नाहीत तर मला ‘माहिती देण्यास नकार’ असं लिहावं लागेल.”

“आनि तसं लिवलं तर?”

“तर नाव वगळलं जाईल.”

हौसाबाईंनी पायातल्या चपला काढल्या, त्या नीट जोडीने बाजूला ठेवल्या, आणि अनवाणी उभं राहून, डोळे मिटून म्हणाल्या, “मल्हारी.”

आवाज इतका बारीक आला की निरीक्षकांनी मोबाइल उचलून त्यांच्या तोंडाजवळ धरला. “पुन्हा एकदा. पूर्ण नाव.”

“मल्हारी बिरा पुकळे,” त्या म्हणाल्या. कपाळावर घाम आला होता. त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि हसल्या. जमलं, असं सांगणारं हसू होतं ते. मला त्या क्षणी जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं, कारण पुढे काय होणार ते त्या हॉलमध्ये निरीक्षकांच्या आधी मला ठाऊक होतं.

निरीक्षकांनी पडद्यावर बघितलं. कपाळाला आठी पडली. “पण जुन्या यादीत तुमचं नाव हौसाबाई खंडू पुकळे असं आहे.”

“खंडू?”

“खंडू बिरा पुकळे. हे कोण?”

“धाकला दीर माजा.”

मागे कुणीतरी खुसकन हसलं.

“यादीप्रमाणे तुम्ही खंडू पुकळे यांच्या पत्नी आहात,” निरीक्षक वाचत गेले. “आणि खंडू पुकळे यांच्या आणखी एक पत्नी आहेत, सखूबाई. त्यांचंही नाव याच यादीत आहे. म्हणजे एकाच माणसाच्या दोन पत्नी दिसतात, आणि आता तुम्ही भलत्याच माणसाचं नाव सांगताय.”

आता मात्र हॉल उघड हसला. “खंडोबालाबी दोनच हुत्या!” असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं आणि हसणं पुन्हा उसळलं. निरीक्षकांनी टेबलावर हात आपटून शांत केलं. त्यांनी काही चेष्टा केली नव्हती. पडद्यावर जे होतं ते त्यांनी वाचलं होतं.

हौसाबाईंचा चेहरा पांढरा पडला. “आवो साहेब, काय बोलतायसा ह्ये? दीर म्हंजी माज्या लेकरावानी. म्या त्येला अंगाखांद्यावर खेळवलाय.”

“मी म्हणत नाही बाई. यादी म्हणतेय.”

“मग यादी खोटी हाय.”

“दोन्हींपैकी काहीतरी खोटं आहे, एवढं खरं,” निरीक्षक म्हणाले आणि टाइप करू लागले.

तेव्हा शिराळकरांनी डोकं वर काढलं. “सर, नव्या हुकमात एक सोय आहे. जुन्या यादीची नोंद ज्याने केली, त्या कर्मचाऱ्याने चूक आपली होती असा लेखी खुलासा दिला तर विसंगती निघते. सात दिवसांची मुदत देता येते.”

“कुणी केली होती नोंद?”

“ते दप्तर वाळवीने खाल्लं. नाव सापडत नाही.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “गुरुजी, तुम्हाला काही कल्पना? वीस वर्षांपूर्वी पुकळेवस्तीवर नावं लिहायला कोण गेलं होतं?”

ओळखपत्राची दोरी मला मानेला काचत होती. “चौकशी करतो, साहेब,” मी म्हणालो.

चौकशी कसली करणार कपाळाची? तो गेलेला माणूस मीच होतो.

त्या वेळी मी दहा कोस लांबच्या शाळेवर होतो. पस्तिशीची उमर, अक्षर मोत्यासारखं आणि त्याचा गर्व त्याहून मोठा. पुकळेवस्तीची नेमणूक दोन दिवसांची आली होती. गेलो तर सगळे बाप्ये कोकणात. लिंबाखाली घोंगडं टाकून बसलो आणि बायकांना एकेक करून बोलावलं. स्वतःचं नाव सगळ्या सांगायच्या, नवऱ्याचं विचारलं की पदर तोंडात. मग एकीने वाट काढली. म्हणाली, “ज्ञानोबाच्या भावाचं नाव हाय, वळखा!” मी लिहिलं, निवृत्ती. दुसरी म्हणाली, “आठवड्यातल्या वाराचं.” मी लिहिलं, सोमा. तिसरीने आभाळाकडे बोट केलं, मी लिहिलं, सूर्यभान. बायका हसून हसून बेजार. प्रत्येकीला मी विचारायचो, “बरोबर ना?” आणि त्या लाजून मान हलवायच्या, म्हणजे त्यांच्या लेखी हो आणि नाही दोन्हीला तीच मान. हौसाबाई तेव्हा तिशीच्या. म्हणाल्या, “जेजुरीच्या देवाचं नाव.” घरात दोघे भाऊ, दोघांनाही त्या एकाच देवाची नावं. मी लिहिलं, खंडू.

नंतर कुणा जाणत्या माणसाला विचारून पडताळायचं होतं. तसा लेखी आदेशच होता. पण पाचची एसटी चुकली असती. आणि खरं सांगायचं तर मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं. तीस-पस्तीस कोडी आणि तितकीच उत्तरं! पुढे कित्येक वर्षं हा किस्सा मी गावाचं नाव न घेता लग्नाकार्यात, सासुरवाडीत, मास्तरांच्या सहलीत सांगितला आणि लोकांना पोट धरून हसवलं. सोमा म्हणून लिहिलेला बुधा होता आणि निवृत्ती म्हणून लिहिलेला सोपान होता, हे सहा वर्षांपूर्वी बदली होऊन करंजमाळला आलो तेव्हा हळूहळू कळत गेलं. पण मतदानाला काही अडत नव्हतं. केंद्रावरचे लोक बायकांना चेहऱ्याने ओळखायचे, शाई लावायचे, झालं. मीही गप्प बसलो. चूक कुणाला टोचत नसेल तर ती उकरा कशाला, अशी माझी समजूत होती.

चारच्या एसटीने आम्ही दोघे परत निघालो. हौसाबाई खिडकीशी, मधल्या जागेवर पिशवी, मी कडेला.

“गुरुजी, सकाळधरनं तुमी काय खाल्लं न्हाय.” त्यांनी पिशवीतून फडकं काढलं, भाकरी मोडली, वर शेंगदाण्याची चटणी घातली आणि माझ्या हातात दिली. मी घेतली. भूकही लागली होती.

“एक इचारू?”

“विचारा ना.”

“त्या साली लिंबाखाली बसून नावं लिवलेलं मास्तर तुमीच न्हवं का?”

घास तोंडातच राहिला. हॉलमध्ये ऐंशी माणसं होती. इथं बाकावर आम्ही दोघंच होतो. एवढी सोपी संधी मला पुन्हा मिळणार नव्हती. “होय, मीच” एवढे दोन शब्द, आणि दुसऱ्या दिवशी एक अर्ज. त्या अर्जावर तेवीस नावं सुटत होती.

“नाही हो,” मी म्हणालो. “मी तेव्हा कुठला इकडे? ते दुसरे कुणीतरी. बदलून गेले असतील. वारलेसुद्धा असतील एव्हाना.”

इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. त्यात स्वतःला मारूनही टाकलं होतं.

“आसंल,” त्या म्हणाल्या आणि बाहेर बघू लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “आमच्यातलं ह्ये तिकडं डोंगरात फिरत्यात. म्या नाव घेतलंय. सांबाळून येऊ द्येत म्हंजी झालं.”

मी उरलेली भाकरी खाल्ली.

आता मी एवढा कशाला भ्यालो, ते सांगायला हवं. सांगून त्यात काही शहाणपण दिसेल असं नाही. त्याच महिन्यात शेजारच्या गावच्या बाबर गुरुजींनी असाच खुलासा दिला होता. दोनच नावांचा. तिसऱ्या दिवशी निलंबन, आणि पेपरात फोटोसह ‘मतदारयादीत घोळ घालणारा शिक्षक’. गुन्हा दाखल होणार अशीही बोलवा होती. वरच्या हुकमात तसं स्पष्ट होतं : ज्याच्या नोंदीत चूक, त्याच्यावर कारवाई. म्हणजे चूक कबूल करणाऱ्याला शिक्षा आणि गप्प बसणाऱ्याला काही नाही. माझ्या निवृत्तीला सोळा महिने राहिले होते. तेहतीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकावर शाईचा डाग नव्हता, आणि मला त्या कोऱ्या पानांचं वेड होतं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “तुम्हालाच कोण विचारतंय? दप्तर वाळवीने खाल्लंय ना? मग देवानेच सोडवलंय म्हणायचं.”

तरी मी खुलासा लिहिला. चांगल्या अक्षरात, दोन प्रती. तेवीस नावं, त्यांच्यासमोर मी लिहिलेली आणि खरी. सातव्या दिवशी तो खिशात घालून तालुक्याला गेलोही. शिराळकरांच्या दारात बाकावर बसलो. आत जायला फक्त पडदा बाजूला सारायचा होता. शिपायाने दोनदा विचारलं, “काय काम हाय, गुरुजी?” दोन्ही वेळा मी म्हणालो, “काही नाही, सहज.” पाच वाजता शिराळकर स्वतः बाहेर आले.

“काय गुरुजी, लागला का पत्ता त्या मास्तरचा?”

“नाही लागला, साहेब.”

ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. “माझ्या हातात असतं ना,” ते म्हणाले, “तर त्या बाईने चपला काढल्या तेव्हाच मी सही केली असती. पण आता माझी सही म्हणजे नुसती शोभेची.” मग ते त्यांच्या स्कूटरकडे गेले आणि मी स्टँडकडे. एसटीत बसल्यावर कागद फाडले आणि खिडकीतून सोडून दिले.

यादी लागली. तेवीस नावं नव्हती. हौसाबाईंचं जमलं नाही म्हटल्यावर बाकीच्या बावीस जणींतली एकही तालुक्याला गेली नव्हती. “चारचौघांत दिराची बायकू म्हनवून घ्यायला कोन जातंय?” सखूबाई मला म्हणाली. खंडूची बायको ती. तिची नोंद बरोबर होती, तरी हसणाऱ्यांनी तिलाही सोडलं नव्हतं.

सातव्या जागेसाठी वस्तीवरून यादीत उरलेल्या एका बाईचा अर्ज आला, तोही सरपंचाच्या माणसाने भरायला लावलेला. समोर कुणी नाही. बिनविरोध. गावात गुलाल उधळला. वैशाखात ठराव झाला, चार विरुद्ध तीन. मल्हारी आणि बाकीचे बाप्ये कोकणातून मेंढरं घेऊन माळाला लागले तेव्हा गायरानावर खांब उभे होते आणि तार ताणायचं काम चालू होतं. महिनाभर मेंढरं रस्त्याच्या कडेने, लोकांच्या बांधाने, शिव्या खात फिरली. मग विकायला लागले. आधी म्हातारी, मग गाभण, मग बकरी, मग कुत्रीसुद्धा कुणाकुणाला देऊन टाकली. मी शाळेच्या ओट्यावरून बघायचो. टेम्पो भरून जायचे. वर्गात वस्तीवरची अकरा पोरं होती, त्यांची सहा झाली आणि मग दोन. जे करायचं होतं ते सातव्या दिवशी पाच वाजेपर्यंत करायचं होतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात वरून दुसरा हुकूम आला. राज्यभर फार नावं गळाली होती, ओरड झाली होती. आता बीएलओने जागेवर जाऊन खात्री केली, नुसती सही केली, तरी पुरे. खुलासा देणाऱ्यावर कारवाई नाही. बाबर गुरुजींचं निलंबनही मागे घेतलं. मी तो हुकूम तीनदा वाचला. माझी नोकरी दोन महिन्यांची उरली होती. त्याच दुपारी तेवीस अर्ज पिशवीत घातले आणि उन्हातान्हात वस्तीवर गेलो. इतका हलका झालो होतो की छत्रीही घेतली नाही.

वस्तीवर आवाज नव्हता. धनगराच्या वस्तीवर आवाज नाही म्हणजे काय ते तिथं गेलेल्यालाच कळेल. निम्म्याहून जास्त दारांना कुलपं, काही घरांचे पत्रेच नाहीत. तारेच्या पलीकडे काचेच्या काळ्या पाट्यांच्या रांगा माळाच्या टोकापर्यंत गेलेल्या. फाटकाशी खाकी कपड्यातला राखणदार बसला होता, तो खंडू. मला बघून तो उठला नाही.

हौसाबाई दारात गाठोडी बांधत होत्या. आत मल्हारी पत्रे उतरवत होता, त्याचे ठोके ऐकू येत होते.

“या गुरुजी,” त्या म्हणाल्या. “बसा म्हनाया घोंगडंबी बांधलं आता.”

“कुठे निघालात?”

“पुन्याकडं. बांदकामावर. आमच्यातल्या सा घरांनी तितंच पालं टाकल्यात.”

“हौसाबाई, नियम बदलला. तुमचं नाव आता लागतं. सगळ्यांचं लागतं. फक्त अंगठा हवा.” मी उकिडवा बसलो, मांडीवर अर्ज घेतला, पेन काढलं. “नाव, हौसाबाई. नवऱ्याचं नाव?”

सवयीने विचारून गेलो आणि जीभ चावली.

“मल्हारी बिरा पुकळे,” त्या म्हणाल्या. पदराला हात लागला नाही, गाठ मारणारी बोटं थांबली नाहीत. रेशनच्या दुकानात आकडा सांगावा तसं सांगितलं.

माझं पेन थांबलं. सव्वा वर्ष जे दडवलं होतं ते आपोआप बाहेर आलं. “हौसाबाई, त्या साली लिंबाखाली मीच बसलो होतो. ते मास्तर मीच.”

“ठावं हाय.”

“कधीपासून?”

“कदीपासनं म्हंजी? म्या सोता कपबशी आनून दिली हुती तुमास्नी. मानसाचं त्वांड का इसरतंय?”

“मग एसटीत का विचारलंत?”

त्यांनी गाठोडं उचलून बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी पायावर डोकं ठेवलं असतं. “म्हनलं, तुमी सांगशीला.”

आतले ठोके थांबले होते. मल्हारी ऐकत असावा.

“अंगठा देता?” मी विचारलं.

“कशापायी, गुरुजी? नाव आलं तर उभं ऱ्हायाचं कुटं?” आणि मग मला वाईट वाटू नये म्हणून की काय, त्या म्हणाल्या, “ऊन लई हाय. तांब्याभर पानी पिऊन जा.”

पाणी प्यायलो. तेवीसपैकी चौघी अजून गावात होत्या, त्यांचे अंगठे घेतले. उरलेले एकोणीस अर्ज घरी आणून टेबलावर पसरले. ‘शेरा’ या रकान्यात प्रत्येकावर ‘कायमचे स्थलांतरित’ असं लिहिलं. सावकाश, मोत्यासारख्या अक्षरात, प्रत्येकीसमोर नवऱ्याचं खरं नाव घालून. या वेळी पडताळायला कुणाला विचारावं लागलं नाही. यादी पहिल्या फेरीतच मंजूर झाली. तीत एकही विसंगती निघाली नाही.